दोन बाय तीनचा इन्व्हर्स

रविवारचा वर्ग मी मागून घेतलेला नव्हता. सोमवार ते शनिवार इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाच्या दोन तुकड्यांना गणित शिकवायचं, आणि रविवारी सकाळी आठवड्याचं धुणं तसंच टाकून एका जुन्या शाळेत दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना पुन्हा तेच शिकवायचं. "तुम्ही मंगळवार पेठेतच राहता, चालत जाल," एवढ्या कारणावर आमच्या विभागप्रमुखांनी माझं नाव देऊन टाकलं होतं. मला विचारायचं त्यांना सुचलंच नाही.

पटावर सोळा जण होते. रविवार म्हणजे जोतिबाचा वार, त्यामुळे त्यातले निम्मे डोंगरावर नाहीतर पाव्हण्यांकडे. उरलेले सात-आठ जण लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसायचे. नोकरीतल्या बढतीसाठी पदवी हवी असलेले, परीक्षेत काय येणार तेवढंच लिहून घेणारे. त्यांचा मला त्रास नव्हता. त्रास होता तो पहिल्या बाकावरच्या काकांचा.

काका साठी ओलांडलेले. कळंब्याच्या पलीकडच्या एका गावात दूध संस्थेत टेस्टर म्हणून आयुष्य काढलेलं. रोज सकाळ-संध्याकाळ लोकांचं दूध तपासायचं, फॅट किती, डिग्री म्हणजे दुधाचा दाटपणा किती, ते लिहायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी तरुणपणी अर्धवट सोडलेली पदवी पुन्हा सुरू केली होती. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, आणि तोंडात एकच शब्द. का.

त्या दिवशी मी मॅट्रिक्स शिकवत होते. मॅट्रिक्स म्हणजे आकड्यांची चौकट. आडव्या ओळी, उभे रकाने. दोन ओळी आणि तीन रकाने असतील तर ती दोन बाय तीनची. ओळी आणि रकाने सारखेच असतील तर ती चौरस. पाचला एक पंचमांशानं गुणलं की एक येतो, तसं एका मॅट्रिक्सला दुसऱ्या ज्या मॅट्रिक्सनं गुणल्यावर आयडेंटिटी येते, म्हणजे तिरक्या रेषेत सगळे एक आणि बाकी सगळीकडे शून्य, तो तिचा इन्व्हर्स. इथवर सगळं सुरळीत झालं. मग मी फळ्यावर लिहिलं की इन्व्हर्स फक्त चौरस मॅट्रिक्सलाच असू शकतो, आणि खाली रेघ मारली.

"का?" काका म्हणाले.

"व्याख्याच तशी आहे."

"व्याख्या कुणीतरी केलीच असंल की. त्यानं का तशी केली?"

"डिटरमिनंट, म्हणजे मॅट्रिक्सवरून निघणारा तो एक आकडा, फक्त चौरस मॅट्रिक्सलाच काढता येतो, काका. आणि तो शून्य नसेल तरच इन्व्हर्स."

"मग डिटरमिनंट चौरसलाच का?"

मागच्या बाकावर कुणीतरी घड्याळ बघितलं. मी म्हटलं, आपण पुढे जाऊ. काकांनी मान हलवली, पण त्यांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं नाही. दोन्ही पेनं खिशातच होती. मला ते इतकं लागलं की घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. चौदा वर्षं मी हे शिकवते आहे. पोरं लिहून घेतात, पास होतात, बंगलोरला नोकरीला लागतात. कुणाचं काही अडलं नाही. यांचंच काय अडलंय?

पुढच्या रविवारी मी वर्गात पाय ठेवला तेव्हा काका फळ्यापाशी उभे होते. एक दोन बाय तीनची मॅट्रिक्स त्यांनी आधीच लिहून ठेवली होती. वरच्या ओळीत एक, शून्य, एक. खालच्या ओळीत शून्य, एक, एक. शेजारी तीन ओळी आणि दोन रकान्यांची दुसरी.

"गुणून बघा, बाई," ते म्हणाले. "मला हाय तो इन्व्हर्स घावला."

मी गुणलं. दोन बाय दोनची आयडेंटिटी आली. तिरक्या रेषेत दोन एक, बाकी शून्य.

वर्ग पहिल्यांदाच जागा झाला. मला उत्तर माहीत नव्हतं असं नाही. एम.एस्सी.ला असताना हे सगळं शिकले होते. पण चौदा वर्षं ते कुणी बाहेर काढायला लावलं नव्हतं, त्यामुळे ते आठवेपर्यंत मी खडू हातात धरून नुसती उभी राहिले, आणि ते अर्धं मिनिट फार लांबलं.

"काका, उलट्या क्रमानं गुणा," मी शेवटी म्हटलं. "ही आधी आणि ती नंतर. मॅट्रिक्समध्ये क्रम बदलला की उत्तर बदलतं. इन्व्हर्स म्हणायचा तर दोन्ही बाजूंनी गुणल्यावर आयडेंटिटी यायला पाहिजे."

त्यांनी गुणलं. आता उत्तर तीन बाय तीनचं आलं, आणि त्याची शेवटची ओळ तीन शून्यांची. आयडेंटिटी नव्हती. मला वाटलं, सुटले.

"म्हंजे एका बाजूनं हाय आणि दुसऱ्या बाजूनं न्हाय," काका म्हणाले.

"हो."

"मग असं सांगायचं की, बाई. न्हायच म्हणून कशाला सांगितलं?" मग त्यांनी वही उघडली. "आणि ह्यो एकच न्हाय. असले पाच हुडकल्यात मी. एकाच मॅट्रिक्सला पाच. सगळे एका बाजूनं चालत्यात."

त्यांनी आठवडाभर बसून पाच काढले होते. मी तिथल्या तिथे दुसरा तपासला, तोही बरोबर होता.

"आता एवढंच सांगा," ते म्हणाले. "दोन्ही बाजूंनी चालणारा असा कुणालाच घावणार न्हाय, का मलाच घावला न्हाय?"

"कुणालाच नाही."

"कशावरनं?"

मी सांगायला सुरुवात केली. रँक हा शब्द वापरला. तो त्यांच्या अभ्यासक्रमात पुढच्या वर्षी होता. मग समीकरणांकडे वळले, अर्ध्यात अडकले, फळा पुसला, पुन्हा सुरुवात केली. तास संपला. बाकीचे उठून गेले. काका बसून होते, रागावलेले नाही, नुसते वाट बघत. त्याचा मला जास्त राग आला.

सोमवारी विभागप्रमुखांना सांगितलं, तर ते हसले. म्हणाले, "अहो, परीक्षेत चूक की बरोबर सांगा, एवढाच प्रश्न असतो तो. एवढं काय घेऊन बसलात." मला त्यांचाही संताप आला, आणि लगेच लक्षात आलं की गेली चौदा वर्षं मीही हेच वेगळ्या शब्दांत म्हणत होते. घरी जाऊन मी माळ्यावरची माझी कॉलेजची वही काढली. तिथे तेच वाक्य होतं, माझ्याच अक्षरात, शेजारी चांदणी काढलेली, 'महत्त्वाचे' लिहिलेलं. का ते त्या पानावर कुठेच नव्हतं. मी त्या वेळी विचारलंही नव्हतं.

डॉक्टरांनी चालायला सांगितल्यापासून मी आठवड्यातून दोनदा सकाळी गाडीवरून कळंब्याला जाते आणि तलावाच्या काठानं दोन फेऱ्या मारते. ती माझी एकटीची वेळ. त्या बुधवारी पहिली फेरी अर्धी झाली नसेल तोवर समोरून काका येताना दिसले. मी रस्ता बदलायचा विचार केला, पण बांधावर दुसरा रस्ताच नाही.

"चाला तुमी, मी बरोबर येतो," ते म्हणाले.

"काका, आज गणित नको."

"गणित न्हाय. का विचारतोय ते सांगतो."

ते सांगू लागले आणि मी नाइलाजानं चालत राहिले. सांगायला त्यांना वेळ लागला. मधे मधे ते थांबायचे, म्हणून मलाही थांबावं लागायचं.

तीस एक वर्षांपूर्वीची गोष्ट. ते संस्थेत नवीन होते. एका सकाळी गर्दीत माप घेणाऱ्यानं तिघांचं दूध तपासायच्या आधीच एका कॅनमध्ये ओतलं. काकांनी त्या कॅनमधलं दूध तपासलं तर फॅट कमी, डिग्रीही कमी. म्हणजे पाणी घातलेलं होतं. सेक्रेटरी अंगावर आले. तिघांपैकी कुणी घातलं ते सांग, तू टेस्टर आहेस, तुझ्याकडे मशिन आहे.

"तिघांचं रोजचं फॅट मला तोंडपाठ हुतं," काका म्हणाले. "कुणी किती लिटर घातलं ते लिहिल्यालं हुतं. मी कागद घेऊन बसलो. आमच्या गल्लीतली एक वैनी, एक म्हस तिची. तिच्या दुधात एवढं एवढं पाणी धरलं की फॅटबी जुळत हुतं आणि डिग्रीबी जुळत हुती. ताळा बरोब्बर आला, बाई. म्या तिचं नाव सांगितलं."

वहिनींचं दूध संस्थेनं बंद केलं. आठ महिने बंद होतं. दुसरीकडे कुठे घालायची सोय नव्हती. त्यांनी म्हैस विकली. वर्षभरानं त्या तिघांतलाच दुसरा एक जण किटलीत पाणी घालताना सापडला आणि आपण पहिल्यापासून घालत होतो असं त्यानं कबूल केलं.

"म्या तवापासनं तो कागद शंभरदा सोडवलाय," काका म्हणाले. "दरवेळी तिचंच नाव येतंय. मला वाटायचं, माझं शिक्षाण अपुरं, म्हणून बरोबर उत्तर येत न्हाय. शिकलेल्या माणसाला आलं असतं."

मी बांधावर उभी राहिले. समोर पाणी संथ होतं, काठावर दोन-तीन जण गाड्या धूत होते. माझ्या डोळ्यांसमोर त्यांचा फळ्यावरचा गुणाकार आला. तीन माणसं, दोन आकडे. दोन बाय तीन. कॅनमधल्या दोन आकड्यांवरून मागे गेलं की एक तरी नाव सापडतं, आणि त्या नावावरून पुन्हा पुढे आलं की ताळा जुळतो. पण खरं जे घडलं त्याच्यापासून सुरुवात करून पुढे जाऊन मागे आलं, तर आपण खऱ्या नावावर परत येऊच असं नाही. एका बाजूचा इन्व्हर्स.

"हे तुम्ही पहिल्या रविवारीच का नाही सांगितलं?" मी जवळजवळ ओरडलेच.

"गणिताच्या तासाला घरचं कशाला सांगायचं?" ते शांतपणे म्हणाले.

त्यांच्याशी बोलणं हे असं होतं. मी त्यांना म्हटलं, तुम्ही काढलेले पाचही घ्या, उलट्या क्रमानं गुणा, पाच उत्तरं लिहून आणा. त्यातून काही सिद्ध होणार नव्हतं. मला फक्त रविवारपर्यंत वेळ हवा होता, आणि ते गप्प बसायला हवे होते.

रविवारपर्यंत ते माझ्या डोक्यात होतं. रँक न वापरता, पुढच्या वर्षीचं काही न वापरता, चौथी पास माणसालाही पटेल असं कारण हवं होतं. पेपर तपासताना, भाकरी थापताना मी समीकरणं मांडत होते. नवऱ्यानं दोनदा विचारलं, काय झालंय. मी सांगितलं, एका माणसानं पिडलंय. तो म्हणाला, मग वर्ग सोड. सोडून दिला असता तर बरं झालं असतं, असं मलाही वाटत होतं.

रविवारी काका वही घेऊन आले. पाच पानांवर पाच गुणाकार, कडेला बोटांच्या ठशांसकट.

"एकबी आयडेंटिटी आली न्हाय," ते म्हणाले. "पर एक गंमत हाय. तिरक्या रेषेतल्या आकड्यांची बेरीज केली की पाचही ठिकाणी दोनच येती."

"तुम्ही बेरीज कशाला केली?"

"सवय हाय. आकडे दिसले की ताळा बघायचा."

मी वही ओढून घेतली. पहिल्यात एक, एक, शून्य. बेरीज दोन. दुसऱ्यात शून्य, शून्य, दोन. तरी दोनच. तिसऱ्यात उणे एक, एक, दोन. मी तिथेच बाकावर टेकले. हे मला माहीत होतं. कोणत्याही दोन मॅट्रिक्स दोन्ही क्रमांनी गुणा, दोन्ही उत्तरांच्या तिरक्या रेषेची बेरीज सारखीच येते. हे मी परीक्षेत सिद्धसुद्धा करून दाखवलं होतं. फक्त ते आणि हे एकमेकांशेजारी ठेवून कधी बघितलं नव्हतं.

मी फळ्याकडे गेले आणि सगळ्यांना समोर बोलावलं. दोन बाय तीनची मॅट्रिक्स लिहिली, तिच्यात सहा आकडे. तीन बाय दोनची लिहिली, तिच्यातही सहा. गुणाकाराच्या तिरक्या रेषेत कोण कोणाला भेटतो ते खडूनं जोडत गेले. पहिल्या मॅट्रिक्समधल्या प्रत्येक आकड्याचा दुसरीतला जोडीदार ठरलेला असतो. सहा जोड्या, सहा गुणाकार. एका क्रमानं गुणलं की ते सहा गुणाकार तीन-तीनच्या दोन गटांत पडतात. उलट्या क्रमानं गुणलं की दोन-दोनच्या तीन गटांत. गट बदलतात, जोड्या त्याच राहतात. म्हणून एकूण बेरीज तीच.

"आता समजा, दोन्ही बाजूंनी चालणारा इन्व्हर्स कुणाला सापडला," मी म्हटलं. "एका बाजूनं दोन बाय दोनची आयडेंटिटी येणार. तिची तिरकी बेरीज किती?"

"दोन," काका म्हणाले.

"दुसऱ्या बाजूनं तीन बाय तीनची आयडेंटिटी. तिची?"

"तीन."

"आणि दोन्ही बेरजा सारख्या असायला पाहिजेत."

काकांनी फळ्याकडे बघितलं, मग वहीकडे. "म्हंजे दोन म्हंजेच तीन व्हायला पायजे."

"हो."

"ते कुणालाच जमणार न्हाय."

"कुणालाच नाही. कितीही शिकला तरी. ओळी आणि रकाने सारखे नसतील तर कधीच नाही."

मागच्या बाकावरच्या एका नर्सबाईंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं, आणि चौरस असली की नेहमीच इन्व्हर्स असतो का असं विचारलं. मी म्हटलं, नाही, चौरस असून इन्व्हर्स नसलेल्याही असतात, ते पुढच्या रविवारी. त्यांनी ते लिहून घेतलं.

मला वाटलं होतं, काकांचं तोंड उजळेल. निदान आभार तरी मानतील. त्यांनी वही मिटली. बाकीचे गेल्यावर म्हणाले, "म्हंजे तवा मला उत्तर येणारच नव्हतं."

"नव्हतं, काका. दोन आकड्यांवरून तिघांचं कळण्यासारखंच नव्हतं. तुमची चूक नाही."

"न्हाय कशी?" ते म्हणाले. "कळण्यासारखं नव्हतं, तरी मी नाव सांगितलं की."

इतके दिवस डोकं शिणवून मी त्यांना सोडवायला निघाले होते, आणि त्यांनी एका वाक्यात स्वतःला पुन्हा तिथेच नेऊन बसवलं. मला त्यांच्या खांद्याला धरून हलवावंसं वाटलं. मी पर्स उचलली आणि घरी आले.

मग दोन रविवार ते आले नाहीत. वर्ग शांत चालला, आणि त्या शांततेचीही मला चीड येऊ लागली. तिसऱ्या रविवारी ते नेहमीसारखे पहिल्या बाकावर होते. तास संपल्यावर स्वतःहून म्हणाले, "वैनीकडं गेलतो."

वहिनी आता सत्तरीच्या पुढे. काका वही घेऊन त्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यात बसले होते. सगळं पहिल्यापासून सांगितलं. कॅन, फॅट, डिग्री, तीन माणसं आणि दोन आकडे, तिरकी बेरीज. हे कुणालाच ओळखता आलं नसतं हे फळ्यावर सिद्ध झालंय, असंही सांगितलं. वहिनी शेंगा फोडत ऐकत होत्या.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाली, भावजी, मला कळत न्हाय, एवढं तवा म्हणायचं हुतं. तेवढं म्हणायला कुठली शाळा लागती?"

"आणि मग?"

"मग च्या दिला. जाताना शेंगा बांधून दिल्या." त्यांनी पिशवीतून कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली. "ह्या तुमास्नी."

मी ती पुडी घेतली. पुढच्या तासाला क्रेमरचा नियम आहे, उजळणी करून या, असं काहीतरी सांगितलं. ते म्हणाले, करतो. मग म्हणाले, "बाई, तुमी त्या दिवशी फळ्यावर अडकलात की न्हाय, तवा 'थांबा, मला बघाय लागंल' असं म्हणाला असता तरी चाललं असतं. मी थांबलो असतो."

घरी येईपर्यंत पुन्हा मी त्यांच्याशी मनातल्या मनात भांडत होते, पण या वेळी बाजू मांडायला मला काही सापडत नव्हतं. शेंगा भाजल्या, नवऱ्यानं आणि मी खाल्ल्या. चांगल्या भरलेल्या होत्या.

सोमवारी पहिल्या तुकडीला मॅट्रिक्सच होत्या. मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं नाही. त्याऐवजी दोन बाय तीनची एक मॅट्रिक्स दिली आणि म्हटलं, हिला दोन्ही बाजूंनी चालणारा इन्व्हर्स शोधा, नाही सापडला तर का नाही ते सांगा. साठ पोरांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना धुणं धुवायला सांगितलंय. पाच मिनिटांनी मधल्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "मॅम, चौरसच लागते ना? क्लासमध्ये सांगितलंय."

"का लागते?" मी विचारलं.

तिनं खांदे उडवले. मी खडू ठेवला, खुर्ची ओढली आणि तास संपेपर्यंत तिथेच बसायचं ठरवलं.